भिंत नसलेल्या वाड्याचा राखणदार

नाशिककराला 'वाडा' म्हटले की सरकारवाडा आठवतो. जुन्या नाशकातले चौकाचे, दिंडीदरवाजाचे वाडे आठवतात. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या तालुक्यांतून शिकायला आलेल्या आम्हां मुलांना मात्र आणखी एक वाडा ठाऊक असतो. पीक निघालेल्या रानात तो दिवस मावळताना उभा राहतो आणि दोन-चार रात्रींनी उठून पुढच्या शिवारात जातो. हा धनगराचा वाडा. त्याला जोते नाही, दरवाजा नाही. मेंढरांभोवती जाळीची वाघूर, शेजारी तीन दगडांची चूल, घोंगड्या, एखादे तट्टू. आणि भिंतीच्या जागी कुत्रा!

या कुत्र्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण आपल्या सुशिक्षित जगात त्याला जागाच नाही. आपण कुत्र्यांचे दोनच वर्ग मानतो. एक गादीवर झोपणारा, दुसरा उकिरड्यावर. कायद्याचेही तसेच. कुत्र्यांच्या संततिनियमनासाठी केंद्र सरकारने २००१ साली नियम केले, २०२३ साली नवे केले. दोन्हींत वर्ग दोनच : पाळीव आणि रस्त्यावरचे. २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला, तेव्हा देशभर दोन तट पडले. पण जो कुत्रा लाडकाही नाही आणि बेवारसही नाही, जो भाकरीच्या मोलाने चाकरी करतो, त्याचे नाव कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.

त्याची चाकरी तरी काय? 'मेंढपाळाचा कुत्रा' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अल्सेशियन उभा राहतो. पण तो आणि स्कॉटलंडकडचा कोली यांचा मूळ धंदा मेंढ्या वळण्याचा. रोखून पाहणे, दबा धरणे, कळपाला वेढा घालणे ही खरे तर शिकारीचीच चाल. शेवटचा चावा तेवढा त्यातून काढून टाकलेला. आपल्याकडे मेंढरे वळायला धनगराची हाळी आणि काठी पुरते. वाड्यावरच्या कुत्र्याचे काम राखणीचे, आणि ते मुख्यतः रात्रीचे. लांडग्याची चाहूल लागली की तो कळप आणि लांडगा यांच्या मध्ये उभा राहतो आणि भुंकतो. लांडगा मोठा हिशेबी प्राणी. आपण जायबंदी झालो तर उद्याची शिकार साधणार नाही, हे जणू त्याला कळते. गलका झाला की तो बहुधा काढता पाय घेतो. भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपण तुच्छतेने म्हणतो. वाड्यावर तेच प्रशस्तिपत्र आहे! लांडग्यामागे दूर धावत गेलेला कुत्रा शूर असेल, पण राखणदार म्हणून नापास. कारण मागे कळप उघडा पडला.

हा गुण शिकवून येत नाही, वाढवून येतो. कुत्र्याचे पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत ज्या संगतीत राहते, तिलाच ते आपले गणगोत मानते. या दिवसांत ते मेंढरांच्या उबेला झोपले, कोकरांबरोबर हुंदडले आणि एखाद्या मेंढीची ढुशी खाऊन शहाणे झाले, की जन्मभर मेंढरू त्याला भक्ष्य वाटत नाही. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप आणि तुर्कस्तानातली पिल्ले आणून शेतकऱ्यांकडे ठेवली आणि या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्या माळावर हे ज्ञान पुस्तकावाचून चालत आलेले आहे.

त्याला दैवताचा आधारही आहे. मालेगावजवळची चंदनपुरी आपल्याच जिल्ह्यात. बाणाईसाठी खंडोबाने तिथे वेष पालटून धनगराच्या घरी मेंढरे राखली, असे लोकपरंपरा सांगते. खंडोबाच्या मूर्तीपाशी घोडा असतो तसा कुत्राही असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. इतरत्र 'कुत्रा' ही शिवी. इथे ते व्रताचे नाव! हातात कोटंबा घेतलेल्या वाघ्याला आपण नमस्कार करतो. वाड्यावरच्या खऱ्या कुत्र्याला मात्र रस्त्यात आडवा आला म्हणून दगड मारतो.

आज या कुत्र्याचे हाल सोपे नाहीत. खाणे भाकरीचे, चालणे काट्याकुट्यांतले. पंजात बाभळीचा काटा, कानात गोचीड, आणि वाटेत ट्रक. मुंबई-आग्रा रस्ता होताच. आता समृद्धी महामार्गही २०२५ मध्ये पुरा झाला आणि सिन्नर-इगतपुरीच्या शिवारांतून गेला. त्यात उसातल्या बिबट्याची भर. लांडगा भुंकण्याला बिचकतो. बिबट्या तर कुत्राच उचलतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणून तर राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. २०२५ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या भयाने माणसांनीच असे पट्टे आपल्या गळ्यांत घातले. कुत्रा रोज रात्री कशाला तोंड देत होता, हे कळायला माणसाला त्याचा पट्टा घालावा लागला!

इकडे शहरात उलटी तऱ्हा. कांगल, कॉकेशियन शेफर्ड अशी नावे घेत लोक परदेशी राखणकुत्री हौसेने पाळतात. डोंगरउतारावर शेकडो मेंढ्या सांभाळणारा तो जीव बंगल्याच्या फाटकाशी साखळीने बांधला जातो. राखायला कळप नाही, फिरायला रान नाही; मग तो पोस्टमनलाच लांडगा समजतो, यात नवल काय? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींवर बंदीचे परिपत्रक काढले, त्यात ही नावे होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. पण दोष जातीचा की तिचे काम काढून घेणाऱ्याचा, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणतील, 'वाड्यावरची कुत्री वन्य प्राण्यांच्या मुळावर येतात, त्याचे काय?' आक्षेप खोटा नाही. कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीने सिद्ध झाला आहे. पण यावर उपाय लसीचा आणि पोटभर खाण्याचा आहे. कुत्रा काढून टाकण्याचा नव्हे. कुत्रा नसेल तर धनगराच्या हाती उरते काय? विष किंवा सापळा. आणि लांडगा तर १९७२ च्या कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षिलेला. नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना राखणीची कुत्री देण्याचा उपक्रम चालला आहे, तो चित्त्यांसाठी. शेळ्यामेंढ्या वाचल्या म्हणजे शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही. त्याच नामिबियातून सप्टेंबर २०२२ मध्ये आपण आठ चित्ते कुनोला आणले. चित्ते आणले, त्यांच्यामागचा कुत्र्याचा धडाही आणायला हवा होता.

मग काय करावे? हिमाचलच्या गद्दी कुत्र्याची २०२५ मध्ये देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली, तशी याचीही व्हावी, असे काहींना वाटेल. होवो बापडी. पण मला त्यात एक धोका दिसतो. नोंदीमागून प्रदर्शने येतात. प्रदर्शनात उंची, रंग, शेपटीचा बाक पाहतात. रात्री दोन वाजता तो कुठे उभा राहतो, हे कोणी पाहत नाही. हा कुत्रा रूपाने ओळखायचा नाही, कामाने ओळखायचा आहे. आणि काम वाड्याबरोबर आहे. चराऊ रान संपले, वाडा थांबला, तर कुत्रा कितीही जतन केला तरी उरेल ते त्याचे कातडे. कुत्रा वाचवायचा असेल तर वाड्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची प्रथमच वेगळी नोंद घेतली गेली आणि २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ राने व पशुपालक यांना वाहिले. वाड्याकडे लक्ष जाण्याची ही वेळ आहे.

आपल्यालाही काही करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी खेड्यात होते. दिवाळीनंतर वाडे हिंडते असतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला बरोबर घेऊन एक दिवस वाड्यांवर घालवता येईल आणि कुत्र्यांना रेबीजची लस टोचता येईल. पाश्चरने ती लस माणसाला १८८५ मध्ये दिली. माळावरच्या कुत्र्यापर्यंत ती पोचवायला आणखी किती वर्षे घ्यायची? पिसाळलेल्या जनावराचा पहिला चावा हाच कुत्रा झेलतो, आणि त्याच्या अंगाला अंग लावून धनगराची पोरे झोपतात.

गावचा रस्ता झाडून आपण श्रमदान केल्याचे समाधान मानतो. एका थंड रात्री माळावर बसून, भिंत नसलेला वाडा कोण सांभाळतो ते पाहिले, तर तेही शिक्षणच ठरेल. कदाचित वर्गातल्यापेक्षा थोडे अधिक.