काही नाही, घरीच असते

सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईचा आम्ही एक अर्ज भरतो. नाव, वय, लग्नाचे वर्ष, मुले आणि मग 'व्यवसाय'. या रकान्यापाशी आलो की बहुतेकींचे उत्तर ठरलेले असते. "काही नाही, घरीच असते."

गेल्या श्रावणात रायगड जिल्ह्यातली एक बाई आली. नवरा मुंबईत, दोन वर्षे पैसे पाठवत नाही, ती सासरीच राहते. पोटगीच्या तिच्या अर्जाला नवऱ्याने दिलेले लेखी उत्तर ती दाखवायला घेऊन आली होती. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशीर झाला होता. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "वाल सोलायचे होते ताई. आठ माणसं जेवायला असतात." नवऱ्याच्या उत्तरात लिहिले होते की अर्जदार धडधाकट असून काहीही काम न करता घरी बसून असते. आणि पाचच मिनिटांपूर्वी आमच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात तिने स्वतःच्या तोंडाने तेच सांगितले होते!

पुढच्या मासिक बैठकीत आम्ही ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि फळ्यावर एकच गोष्ट लिहायला घेतली. आठ माणसांना पुरेल एवढी डाळिंब्यांची उसळ करायला बाई नक्की काय काय करते?

आम्हाला वाटले होते दहा मिनिटांत होईल. दीड तास लागला. कारण प्रत्येक ओळीला कोणीतरी म्हणे, "थांबा, त्याच्या आधी अजून एक आहे."

अर्धा किलो कडवे वाल. आधी निवडायचे, खडे आणि किडके दाणे काढायचे. धुऊन रात्री मोठ्या टोपात भिजत घालायचे. टोप मोठाच हवा, कारण सकाळपर्यंत वाल दुपटीने फुगतात. सकाळी ते पाणी टाकून द्यायचे, कडूपणा त्यात उतरलेला असतो. पुन्हा धुवायचे, म्हणजे पुन्हा पाणी, आणि पाणी नळाला येते की विहिरीवरून आणावे लागते यावर गटात एक वेगळाच वाद झाला. मग ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. पावसाळ्यात दिवसभरात मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस जातात. मधेमधे फडके ओले करावे लागते. पण पाणी जास्त झाले तर वाल चिकट होतात, वास मारतात. म्हणजे हातात दुसरे काम असले तरी एक लक्ष त्या फडक्यावर. रात्री झोपताना उद्याचे वाल डोक्यात असतात, याला कोणत्या रकान्यात घालायचे?

तिसऱ्या दिवशी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक करून सोलायचे. अर्ध्या किलोत हजाराच्या वर दाणे असतात. बोटांत धरून दाबला की दाणा सालातून निसटतो. सवयीच्या हाताला सोपे, पण टाळता येत नाही. एकटीला सोलायला दीड तास सहज लागतो. जमलेल्यांपैकी एक मावशी म्हणाल्या, "तेवढंच बसायला मिळतं." त्यावर सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही. बसून केले म्हणून तिला ते कामच वाटत नव्हते.

आता फोडणी. तेल नीट तापलेले हवे. मोहरी तडतडली नाही तर कच्ची राहून दाताखाली कडू लागते. मग जिरे, हिंग आणि शेवटी हळद, कारण हळद क्षणात जळते. लगेच डाळिंब्या. डाव घालून ढवळायचे नाही, त्या मोडतात. टोपच हलवून वरखाली करायच्या. झाकणावर पाणी ठेवायचे आणि तेच तापलेले पाणी लागेल तसे आत घालायचे. दाणा बोटचेपा झाला की मगच आमसूल आणि गूळ. आंबट आधी पडले तर वाल शिजतच नाहीत, गॅस जळत राहतो. शेवटी ओले खोबरे, कोथिंबीर. श्रावणात कांदा-लसूण नाही, म्हणून सगळी भिस्त या फोडणीवर.

मैत्रिणींनो, यात किती ज्ञान आहे पाहा. आंबट घातले की दाणा का शिजत नाही, हे रसायनशास्त्रच आहे. ऋतूप्रमाणे मोडाला किती वेळ लागणार, आठ माणसांत अर्धा किलो कसा पुरवायचा, हा अंदाज वर्षानुवर्षांच्या कामातून येतो. आणि या सगळ्याला आपल्याकडे शब्द काय, तर 'हाताला चव आहे'. चव हातालाच असली की शिकणे, चुकणे, तीन दिवस राबणे सगळे नाहीसे होते. आंबा जसा मुळातच गोड, तशी बाई मुळातच सुगरण. ताटावर बसलेल्याच्या नाकात शेवटच्या दहा मिनिटांची फोडणी जाते, तेवढीच त्याला दिसते आणि कौतुक करायचेच झाले तर तिचे होते. बाई जेवायला बसते तेव्हा टोपात बहुधा रस्सा आणि चार मोडलेल्या डाळिंब्या उरलेल्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

या कामाला किंमत लावता येत नाही, असे म्हणतात. भाजीबाजारात मात्र ती लागते. मोड आणून सोललेल्या वालांचा वाटा अख्ख्या वालांपेक्षा महाग असतो, आणि नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या बायका तो आनंदाने घेतात. सोलणारीच्या हाती त्यातले फार काही पडत नाही. पण सोलणे हे काम आहे, एवढे तरी बाजाराला मान्य आहे.

सरकारही हल्ली मोजते. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटे वाचली म्हणून खूश व्हावे, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली!

न्यायालयांनीही किंमत लावली आहे, पण कधी? जमशेदपूरला १९८९ मध्ये लागलेल्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या सेवेचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महिना ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१ च्या अपघात-भरपाईच्या निकालात त्याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे असे स्पष्ट सांगितले आणि २०११ च्या जनगणनेचा आधार दिला: घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आत. हे निकाल महत्त्वाचे आहेतच. पण बाई आगीत किंवा चाकाखाली गेल्यावर तिच्या कामाचा हिशेब होणार, आणि जिवंतपणी ती पोटगी मागायला गेली की 'घरी बसून असते', हे आपण किती काळ चालवून घ्यायचे?

घरकामाला पगार द्या, ही मागणी जगभरच्या चळवळीत जुनी आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. पगार देणारा नवराच असेल तर तो मालक होईल आणि वाल सोलणे कायमचे तिच्याच नावावर लागेल. मला हवा आहे हिस्सा. संसारात उभ्या राहिलेल्या घरात, जमिनीत, शिलकीत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने लग्नानंतर सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते. बाकी देशात नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मात्र, बाईने घर सांभाळले म्हणूनच नवऱ्याला कमावता आले, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे, असे मानले. आपल्या गटांनी आणि वकील मैत्रिणींनी हा निकाल मिळवून वाचावा. आपल्याकडच्या प्रकरणांत तो दाखवता येईल.

आमच्या अर्जातला 'व्यवसाय' हा रकाना आम्ही काढून टाकला आहे. आता तिथे प्रश्न आहे: काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले? अर्ज भरायला अर्धा तास जास्त लागतो, कार्यकर्त्या कुरकुर करतात. तुमच्याकडे करून पाहा आणि आम्हाला कळवा.

त्या बाईचा अर्ज आम्ही पुन्हा भरला. दोन पाने झाली. वकीलताईंनी ती पाने नवऱ्याच्या उत्तराच्या उत्तराला जोडली आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्या दिवशी आठ माणसांचे जेवण कोण करणार, हे अजून ठरलेले नाही.