सिकलसेल, झाडपाला आणि आपली जबाबदारी

कळंब तालुक्यातील कुठल्याही बौद्ध वस्तीत बसा आणि सिकलसेलचा विषय काढा. पाच मिनिटांत कुणाचा भाचा, कुणाची नात, कुणाची सून निघते. सांधे सुजतात, डोळे पिवळे होतात, लेकरू रात्रभर कण्हत राहते. आणि थोड्याच वेळात दुसरी गोष्ट निघते. अमुक गावात एक जण झाडपाल्याचे औषध देतो, तीन महिन्यांचा कोर्स आहे, एका बाईच्या पोराचा सिकलसेल म्हणे मुळापासून गेला. लगेच कुणीतरी मोबाईलमधून त्याचा नंबर काढून देतो.

दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन पाळला जातो. फलक लागतात, भाषणे होतात, तपासणी शिबिरे होतात. पण या दुसऱ्या गोष्टीवर कुणी बोलत नाही. सरकारी यंत्रणा तिला अडाणीपणा म्हणून सोडून देते आणि आपण कार्यकर्ते ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून सोडून देतो. आम्हाला वाटते, हा प्रश्न असा सोडून देण्यासारखा नाही. चुकीच्या उत्तराची किंमत आपलीच लेकरे मोजत आहेत.

आजार कुणाचा?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यातून असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार संसर्ग, कधी पक्षाघातही होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के.

विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे तसाच तो पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलवर नागपूरच्या संशोधकांचा निबंध आला, म्हणजे ही गोष्ट वैद्यकशास्त्राला किमान सहा दशकांपासून ठाऊक आहे. पण याचा अर्थ हा ‘जातीचा रोग’ आहे असा नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे सिकलसेलच्या वाहकांना गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हा जनुक टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावरही तो सापडतो. यात कुणाचे पाप नाही, कुणाची करणी नाही, लाजण्यासारखे तर काहीच नाही.

झाडपाला वाईट आहे का?

नाही. हे आधी स्पष्ट करू या, कारण कार्यकर्ता घरात शिरताच झाडपाल्याला शिव्या देऊ लागला की त्या घराचे दार त्याला बंद होते.

आपल्या अंगणात फुलणारी सदाफुली घ्या. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळाले आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही जगभर वापरतात. चीनच्या तू यूयू यांनी एका वनस्पतीतून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन वेगळे केले, त्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले. म्हणजे झाडात औषध असते हे खरेच आहे. पण सदाफुलीची पाने चावून कुणाचा रक्ताचा कर्करोग बरा होत नाही. त्यातला नेमका घटक वेगळा काढावा लागतो, मात्रा ठरवावी लागते, दुष्परिणाम तपासावे लागतात, औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांची तुलना करावी लागते.

म्हणून वाद ‘ॲलोपॅथी की झाडपाला’ असा नाहीच. एक औषध तपासून सिद्ध झाले आहे, दुसरे झालेले नाही, एवढाच फरक आहे.

सिकलसेलच्या बाबतीत हा फरक मोजता येतो. हायड्रॉक्सीयुरियाची तपासणी अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झाली, निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या गटात वेदनेचे झटके वर्षाला साधारण अडीच आले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत साडेचार. गोळीने आजार मुळापासून जात नाही, पण रुग्णाचे जगणे सुसह्य होते. तिच्या मर्यादाही आहेत. ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, गरोदरपणात ती सहसा देत नाहीत आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात. नेमक्या याच काही महिन्यांत लोक कंटाळतात, गोळी सोडतात आणि झाडपाल्याच्या कोर्सकडे वळतात.

झाडपाल्याचीही तपासणी झाली आहे. नायजेरियात चार वनस्पतींपासून ‘निप्रिसान’ नावाचे सिकलसेलवरचे औषध तयार झाले. वेदना कमी होण्याची काही चिन्हे दिसली, पण पुरावा अजून अपुरा आहे. प्रामाणिक माणूस एवढेच म्हणतो. ‘मुळापासून जातो’ असे म्हणणारा माणूस तुमच्या अडचणीचा धंदा करतो.

आणि ‘झाडपाल्याने अपाय तर होत नाही ना’ हेही खरे नाही. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा पिणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. सिकलसेलच्या रुग्णाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून मनानेच लोहाची टॉनिके पाजली जातात. ज्याला वारंवार रक्त चढवले आहे, त्याच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते, त्यात ही भर पडते. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावला की कातडी जळून जखम होते, आणि संसर्ग तर या रुग्णाचा मोठा शत्रू.

कर्करोगाचेही असेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कर्करोग लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब अशा आहाराने गेल्याचे सांगितले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, पण व्हॉट्सॲपवर फिरली ती हळदच. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावे लागले की सिद्ध उपचार थांबवू नका. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली शरीरात न पसरलेल्या कर्करोगाचे असे २८१ रुग्ण अभ्यासले, ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

तथागतांनी काय शिकवले?

आपल्याकडे काही जण जीवकाचा दाखला देतात. तक्षशिलेत आचार्यांनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितली, तेव्हा जीवक रिकाम्या हाताने परतला, ही कथा विनयपिटकात आहे. पण तिथेच पुढे आहे की याच जीवकाने राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केली. जिथे मुळी-पाला पुरेसा नाही, तिथे शस्त्र हातात घेणारा तो वैद्य होता. अर्धी कथा सांगणे हा जीवकावर अन्याय आहे.

संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक विचारतो, माणसाला होणारे सारे दुःख पूर्वकर्मानेच होते का? तथागत तसे म्हणत नाहीत. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे ते मोजून सांगतात. कर्म हे त्यांतले केवळ एक. सगळे पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक अनुभवाच्या पलीकडे जातात, असे ते स्पष्ट सांगतात. आजारी लेकराच्या आईला ‘मागच्या जन्मीचे भोग’ ऐकवणाऱ्याने हे सुत्त वाचावे.

महावग्गात अतिसाराने पडलेल्या, कुणी न विचारणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले. त्या प्रसंगानंतर शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हे त्याला कळावे, त्याला किळस नसावी आणि त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. रुग्णानेही आपला आजार जसा आहे तसा सांगावा. आजच्या भाषेत सांगायचे तर काढा घेत असाल तर डॉक्टरपासून लपवू नका.

बाबासाहेबांचेही उदाहरण समोर आहे. मधुमेहाने शरीर पोखरले असताना त्यांनी मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार घेतले. त्याच सुमारास त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. पुढे माईसाहेबांच्या वैद्यकीय देखरेखीखाली बाबासाहेबांनी अखेरपर्यंत काम केले.

मग लोक तिकडे का जातात?

इथे आपणही प्रामाणिक राहायला हवे. लोक मूर्ख आहेत म्हणून झाडपाल्याकडे जात नाहीत. कळंबहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला जायचे तर एका माणसाची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याचीही बुडते. रांग लावून आत गेल्यावर कधी ऐकायला मिळते की गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या. वेदनेने तळमळणाऱ्या तरुणाला ‘इंजेक्शनची सवय लागली का रे’ असे विचारले गेल्याचे आम्ही स्वतः ऐकले आहे. झाडपाला देणारा मात्र ओट्यावर बसवतो, पाणी देतो, तासभर ऐकून घेतो आणि ‘बरा होईल’ म्हणतो. लोक त्याच्याकडे औषधासाठी जातात तितकेच आपले ऐकून घेतले जावे म्हणूनही जातात.

आणि लाज. सोयरीक मोडेल म्हणून मुलीचा रिपोर्ट पेटीच्या तळाशी ठेवला जातो. ज्या गोष्टीचे नावच घ्यायचे नाही, तिच्यावर गुपचूप औषध देणारा बरा वाटतो.

यात सरकारचाही वाटा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट ठरले. आदिवासी बांधवांना हे मिळालेच पाहिजे. पण विदर्भात हाच आजार बौद्ध वस्त्यांतही आहे, तर त्या वस्त्या तपासणीच्या यादीत नावानिशी असायला हव्यात. ही मागणी आपल्या निवेदनांत क्वचितच दिसते. पुतळ्यासाठी, जागेसाठी आपण रस्त्यावर येतो, हायड्रॉक्सीयुरियाच्या साठ्यासाठी का येत नाही?

विहारातून काय करता येईल?

पहिले, तपासणी. सोल्युबिलिटी चाचणी सोपी आहे, तिच्यात दोष दिसल्यास पुढील चाचणीने वाहक की ग्रस्त हे कळते. आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयाशी बोलून विहारात शिबिर घ्या. सोयरीक ठरण्याआधी दोन्हीकडचे रिपोर्ट पाहणे ही साधी रीत व्हायला हवी. दोघांपैकी एकच जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल सिकलसेलग्रस्त होत नाही, हे घराघरांत सांगा.

दुसरे, सोबत. दर महिन्याला एका तरुणाने एका रुग्णासोबत दवाखान्यात जायचे. गोळ्या मिळाल्या नाहीत तर तारखेसह लिहून घ्यायचे आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायचे.

तिसरे, हक्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढायला मदत करा.

चौथे, धोक्याची चिन्हे. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पोट फुगून लेकरू पांढरे पडणे, हात-पाय लुळे पडणे. यातले काहीही दिसले तर काढा नाही, बिब्बा नाही, थेट दवाखाना.

आणि कुणी काढा घेतच असेल तर भांडू नका. एकच गोष्ट कबूल करून घ्या, दवाखान्याची गोळी थांबवायची नाही. ‘ती गोळी बंद कर, तरच माझे औषध लागू पडेल’ असे सांगणाऱ्याकडून मात्र त्या घराला उठवून आणणे हे आपले काम आहे.

लेकरू रात्री कण्हू लागले की त्या आईला मोबाईलमध्ये दोनच नंबर सापडतात. एक झाडपाल्यावाल्याचा, दुसरा कुणाचा असावा हे आपण ठरवायचे आहे. तो वस्तीतल्या कार्यकर्त्याचा असेल आणि रात्री दोन वाजता तो उचलला जाईल, तर आपली चळवळ जिवंत आहे असे आम्ही म्हणू.

नमो बुद्धाय! जय भीम!