समुद्राचें छायाचित्र आणि हिंगोलीचे विद्यार्थी

समुद्र, हवामान आणि ऋतुमान या विषयांवर छायाचित्रांच्या स्पर्धा हल्लीं देशोदेशीं भरत असतात. जागतिक हवामान संघटनेनें २३ मार्च २०२१ च्या जागतिक हवामान दिनासाठीं हाच विषय निवडिला होता. ८ जूनच्या जागतिक महासागर दिनानिमित्त संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें छायाचित्रस्पर्धा होत आली आहे. ब्रिटनमधील रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीनेंही २०१६ सालापासून हवामानाच्या छायाचित्रांची स्पर्धा चालविली आहे. अशा स्पर्धेची गोष्ट वर्गांत निघाली कीं आमचे विद्यार्थी म्हणतात, "गुरुजी, हिंगोलीला समुद्र कोठें आहे? हें काम मुंबई-रत्नागिरीच्या मुलांचें." हा समज दूर व्हावा, एवढ्यासाठींच हा लेख.

समुद्र आम्हांपासून दूर आहे ही गोष्ट खरी. अरबी समुद्राचा किनारा येथून सरळ रेषेंतही चारशें किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. परंतु समुद्र आमच्याकडे येत नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. पृथ्वीवरील पाण्याचा सुमारें ९७ टक्के भाग समुद्रांत आहे. ऊन त्या पाण्याची वाफ करितें, वारा ती वाहून आणितो, आणि तीच पाऊस होऊन आमच्या कापूस-सोयाबीनच्या शेतांवर उतरते. अरबी समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पुष्कळसे रिते होतात. म्हणून मराठवाड्यास बंगालच्या उपसागराकडेही डोळे लावून बसावें लागतें. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस त्या उपसागरांत निर्माण झालेलें कमी दाबाचें क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावरून आंत आलें, आणि सप्टेंबरच्या आरंभीं हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांत अतिवृष्टी होऊन उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. उलट, २०१५ सालीं दूरच्या प्रशांत महासागराचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलें, आपल्या देशांत पाऊस तुटीचा झाला, आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूरच्या लोकांस मिरजेहून रेल्वेनें पाणी पोंचवावें लागलें. ज्या समुद्राचा रोष व कृपा आमच्या बांधापर्यंत येऊन पोंचते, त्यास परका कसें म्हणावें?

येथून जाणारें पाणीही अखेर तेथेंच पोंचतें. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस; पुढें प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटीं बंगालचा उपसागर. पूर्णेचा मार्गही गोदावरींतूनच जातो. तेव्हां कयाधूच्या पात्रांत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी हाही समुद्राच्या छायाचित्राचा विषय होऊं शकतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मग चित्रें कशाचीं काढावीं? मृगापूर्वीं भेगाळलेल्या काळ्या जमिनीचीं. सिद्धेश्वर धरणाच्या काठावर उतरत्या पाण्यानें ठेवलेल्या खुणांचीं. वसमतकडे उघड्यावर वाळत घातलेल्या हळदीचीं, जिच्यावर फाल्गुनांतच अवकाळी ढग दाटून आले आहेत. परीक्षकांस लाटा आणि सूर्यास्त हजारोंनीं पाहावयास मिळतात. हळदीच्या ढिगावरील ढग त्यांस हिंगोलीचा विद्यार्थीच दाखवील.

या बाबतींत विल्सन बेंटले या अमेरिकन गृहस्थाचें उदाहरण मनन करण्यासारखें आहे. तो व्हरमाँट प्रांतांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. न्यू इंग्लंडच्या सहा प्रांतांपैकीं याच एका प्रांतास समुद्रकिनारा नाहीं. १८८५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून हिमकणाचें छायाचित्र घेतलें. आणि १९३१ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें अशीं पांच हजारांहून अधिक चित्रें जमविलीं. त्याच्या अंगणांत जें पडत होतें, तेंच त्यानें आयुष्यभर पाहिलें. मोठेपणासाठीं त्यास गांव सोडावें लागलें नाहीं.

आतां एक कठोर गोष्ट सांगणें प्राप्त आहे. हल्लीं चार शब्द लिहिले कीं यंत्र समुद्राचें हुबेहूब चित्र बनवून देतें. दुसऱ्याचें छायाचित्र उचलून आपल्या नांवावर पाठविणें तर त्याहून सोपें. बक्षिसाच्या लोभानें असें करणारा विद्यार्थी केवळ परीक्षकांस फसवितो असें नाहीं. हवामानाचें छायाचित्र हा एक पुरावा असतो. अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं आकाश असें होतें, अशी ती साक्ष असते. आणि खोटी साक्ष देण्याची संवय एकदां जडली कीं ती छायाचित्रापुरती राहात नाहीं. म्हणून प्रत्येक चित्रामागें तारीख, वेळ व ठिकाण वहींत टिपून ठेवावें.

पालकांस वाटेल कीं यांत अभ्यासाचा वेळ जाईल. परंतु भूगोल व विज्ञान यांचा हाच खरा अभ्यास नव्हे काय? त्यास महागडा कॅमेरा नको. घरांतील साधा मोबाईल पुरे. मात्र स्पर्धेची प्रवेश-फी, वयोमर्यादा व चित्रावरील हक्क यांचे नियम पालकांनीं स्वतः वाचावे. आणि पुराच्या पाण्याजवळ किंवा विजा चमकत असतां उघड्या रानांत व झाडाखालीं मुलांस मुळींच जाऊं देऊं नये. कोणतेंही बक्षीस त्या मोलाचें नाहीं.

शेवटीं एक सूचना. एका चित्रांत हवा दिसते, ऋतुमान दिसत नाहीं. तें ठरविण्यास तीस वर्षांची सरासरी धरण्याचा शास्त्रज्ञांचा प्रघात आहे. तेव्हां प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवची एक जागा निवडावी. नदीचा घाट, विहीर वा शेताचा बांध, कोणतीही चालेल. दरवर्षीं १ जूनला त्याच ठिकाणीं उभें राहून एक चित्र घ्यावें. घरच्या पेटींत त्याच जागेचे जुने फोटो असल्यास आईवडिलांनीं ते काढून द्यावे. स्पर्धेस चित्र अवश्य पाठवावें. परंतु निकाल कांहींही लागो, पुढील जूनचें चित्र चुकवूं नये. आज आठवींत असलेला मुलगा आपल्या मुलांस दाखवील, तेव्हां ती वही त्या गांवाचा इतिहास झालेली असेल.