सातबाऱ्यावर न दिसणारे प्रदूषण: दूषित जागांचे नवे नियम रुग्णांच्या किती कामाचे?

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात जागा घेताना सगळे सातबारा बघतात. मालक कोण, पीक कोणते, बँकेचा बोजा आहे का, हे त्यावर कळते. त्या जमिनीत पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात होत्या का, कारखान्याचे सांडपाणी सोडले जात होते का, कीटकनाशकांचा मुदत संपलेला साठा पुरला होता का, हे मात्र त्यावर कुठेच नसते. अशा जागेवर घर बांधून बोअर घेतली, तर घरातली माणसे त्याच मातीवर आणि त्याच पाण्यावर राहतात.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढू शकेल असे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये लागू केले. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील हे नियम दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी आहेत. तोपर्यंत देशात अशा जागा शोधण्याची आणि साफ करण्याची ठरलेली कायदेशीर पद्धत नव्हती. देशभरात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या, पण प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती ती फक्त ७ ठिकाणी.

नियम काय सांगतात?

- जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल द्यायचा आहे.
- माहिती मिळाल्यापासून ९० दिवसांत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने प्राथमिक तपासणी करायची.
- संशय खरा वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची. घातक रसायने मर्यादेपेक्षा जास्त आढळली तर ती जागा जाहीर करून तिथला वावर रोखायचा.
- प्रदूषण कोणी केले हे शोधून सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर केंद्र आणि राज्य सरकारने व्यवस्था करायची.

उणिवा कुठे आहेत?

पहिली उणीव म्हणजे जागा दूषित ठरल्यावर ती कधीपर्यंत साफ व्हावी, याची मुदत नियमांत नाही. तपासणीला मुदत आहे, सफाईला नाही. भोपाळचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडला.

दुसरी उणीव अशी की खाणकाम, किरणोत्सर्गी कचरा, समुद्रातली तेलगळती आणि कचरा डेपोतला घनकचरा हे सर्वसाधारणपणे या नियमांबाहेर आहेत, कारण त्यांना वेगळे कायदे आहेत. गावाला सर्वात आधी दिसतो तो कचऱ्याचा ढीगच.

तिसरी उणीव आपल्या भागापुरती फार महत्त्वाची आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक त्रास असलेल्या देशातल्या जिल्ह्यांमध्ये नांदेड आणि बीड ही नावे आहेत. लातूर जिल्हा या दोघांच्या मधे आहे. पण हे नायट्रेट रासायनिक खते, गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून सगळीकडे थोडे थोडे झिरपते. त्याची एक अशी 'जागा' नसते, त्यामुळे या नियमांतून ते सुटणार नाही. त्यासाठी पाण्याची तपासणी हाच उपाय आहे.

नोंद जाहीर असण्याचा आजाराशी काय संबंध?

जमिनीतल्या विषाची लक्षणे बहुतेक वेळा साधी असतात. शिसे शरीरात साठले तर मुलाचे पोट दुखते, रक्त कमी होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशी तक्रार घेऊन रोज कितीतरी मुले दवाखान्यात येतात. जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या देऊन ती घरी जातात. गावात अमुक जागा शिशाने दूषित आहे अशी जाहीर नोंद असेल, तर डॉक्टर रक्तातले शिसे तपासण्याचा विचार लवकर करतील. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ब्रिटनमध्ये २००० सालापासून स्थानिक कौन्सिलला दूषित जमिनींची नोंदवही ठेवावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्याकडचे सहामाही अहवाल सरकारी फायलीतच राहिले, तर रुग्णाला त्याचा काहीच उपयोग नाही.

तुम्ही काय करू शकता?

- संशयित जागा लेखी कळवा. तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर उत्तमच.
- माहिती मागा. जिल्ह्याच्या यादीत तुमच्या परिसरातली जागा आहे का, हे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.
- बोअरचे पाणी तपासून घ्या. आपल्याकडे काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी वाहते, त्यामुळे शेजाऱ्याची बोअर चांगली म्हणून आपलीही चांगलीच असेल असे नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. जवळपास कारखाना किंवा भट्टी असेल तर शिसे, क्रोमियम, आर्सेनिक यांचीही तपासणी सांगा. टंचाईत बंद पडलेली जुनी विहीर पुन्हा वापरायची असेल, तर आधी तपासणी करा.
- पाणी उकळून रसायने जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटल्यामुळे नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे दूध करताना हे पाणी अजिबात वापरू नका. बाळाचे ओठ, नखे निळसर दिसली तर लगेच रुग्णालयात न्या.
- डॉक्टरांना घराची माहिती द्या. पाणी कुठले, शेजारी काय चालते, घरातले कोणी बॅटरी, रंग किंवा धातूच्या कामावर जाते का, हे न विचारता सांगा.
- 'शरीरातले विष काढणारी' औषधे स्वतःहून घेऊ नका. जड धातू काढण्याचे उपचार तपासणीत प्रमाण जास्त आढळल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचे असतात. विषाचा स्रोत चालू असेल तर उपचार करूनही उपयोग होत नाही.

घाबरून जायचे का?

नाही. जवळ कारखाना आहे म्हणजे जमीन दूषित आहेच असे नाही, आणि जमीन दूषित असली तरी विष शरीरात जाण्यासाठी वाट लागते. पिण्याचे पाणी, मातीत खेळून तसेच तोंडात जाणारे हात, कामाच्या कपड्यांवरून घरात येणारी धूळ या त्या वाटा आहेत. सुरक्षित पाणी, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आणि कामाचे कपडे वेगळे धुणे एवढ्याने बराच धोका कमी होतो. जमीन साफ करणे मात्र कोणत्याही कुटुंबाच्या हातातले नाही. ते सरकारचे आणि प्रदूषण करणाऱ्याचे काम आहे, आणि आता ते नियमाने मागता येते.