नाशिकच्या शैलजाताई आणि इराणच्या मुली

मढच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत काठीने चार रेघा ओढल्या की कबड्डीचे मैदान तयार. ना बॅट लागते, ना बूट. कुस्तीसारखीच पकड आणि कुस्तीसारखाच दम. गरिबाच्या मुलीला परवडणारा हा खेळ. पण मुलगी बारावीला गेली की घरातून ऐकू येते, "आता पुरे. खेळून पोट भरते का?"

या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या शैलजा जैन यांनी दिले आहे.

शैलजाताईंनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय महिला संघाला शिकवण्याची त्यांची इच्छा होती, ती संधी मिळाली नाही. बोलावणे आले ते इराणमधून. तेव्हा त्यांचे वय साठीच्या घरातले. मुलूख परका, भाषा परकी आणि ताई शाकाहारी. तरीही त्या गेल्या. मुलींशी मनमोकळे बोलता यावे म्हणून फारसी शिकल्या. सरावात योगासने आणि प्राणायाम आणले, कारण कबड्डी हा शेवटी श्वासाचा खेळ.

आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डी 2010 मध्ये आली. 2010 आणि 2014 ही दोन्ही सुवर्णपदके भारताची. 2014 च्या अंतिम सामन्यात इराण आपल्याकडून 31-21 असा हरला होता. 24 ऑगस्ट 2018 रोजी जाकार्तात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी इराणने 27-24 ने बाजी मारली.

आपल्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या. समोरच्या संघामागे उभ्या होत्या महाराष्ट्राच्याच शैलजाताई. पराभवाचे दुःख झाले, तसा अभिमानही वाटला. आपल्याच देशाविरुद्ध कशा शिकवल्या, असे कुणी म्हणेल. पण ज्या मुली आपल्या हाती सोपवल्या, त्यांना मनापासून घडवणे हाच शिक्षकाचा धर्म. पुढे 2023 मध्ये हांगझोऊ येथे भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असे हरवून सुवर्ण परत आणले.

सांगायचे एवढेच, की मैदानावर खेळण्याची वर्षे थोडी असतात, शिकवण्याची पुष्कळ. खेळाडूला शाळेत क्रीडाशिक्षक होता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका घेता येते. त्यासाठी शिक्षण मात्र सोडू नये आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. ट्रंकेच्या तळाशी ती वाळवीला खायला देऊ नका.

तेव्हा आयांनो, मुलगी संध्याकाळी गुडघे खरचटून घरी आली तर रागावू नका. हळद लावा आणि विचारा, "आज किती गडी बाद केलेस?"