खरखर कोणाची?

विजेच्या गाडीत मध्यमलहरींवरचे केंद्र नीट लागत नाही, तेव्हा गाडीतला एएम रेडिओच काढून टाकावा, हा युक्तिवाद निसर्गनियम असल्याच्या थाटात मांडला जातो. यात मराठीच्या अध्यापकांनी लक्ष घालावे असे काय आहे? आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि छप्पन्न गीते घरोघरी गेली ती मध्यमलहरींवरून. एफएम तेव्हा या देशात नव्हतेच. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ होते. माणदेशची बोली पुस्तकाबरोबरच या लहरींवरूनही हिंडली, हे वाङ्मयेतिहासकार तळटीपेतसुद्धा नोंदवत नाहीत.

आता त्या खरखरीबद्दल. बॅटरीतून मिळतो एकदिश प्रवाह. मोटारीला तो सहसा प्रत्यावर्ती लागतो. हे रूपांतर करणारे यंत्र सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडते आणि तोडते. त्या प्रत्येक झटक्यातून उमटणारे विद्युतचुंबकीय तरंग थेट मध्यमलहरींच्या पट्ट्यात शिरतात. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो आणि हा उपद्रवही उंचीतच मिसळतो, म्हणून रेडिओला सूर आणि खरखर वेगळे करता येत नाहीत. एफएमचा आवाज वारंवारतेत असल्याने ते बचावते.

पण यावर उपाय आहेत. तारांना धातूचे आवरण, गाळण्या, अँटेनाची योग्य जागा. त्यांना पैसे पडतात, एवढेच. फोर्ड कंपनीने २०२३ मध्ये नव्या गाड्यांतून एएम काढण्याचे ठरवले. आपत्कालीन सूचनांचे काय, असा प्रश्न अमेरिकी लोकप्रतिनिधींनी लावून धरताच त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने निर्णय फिरवला. एवढेच नव्हे, तर एएमविना बाहेर पडलेल्या आपल्या दोन विजेच्या गाड्यांना केवळ सॉफ्टवेअर बदलून ते परत देण्याचे जाहीर केले. काही आठवड्यांत मागे घेता येतो त्याला निसर्गनियम म्हणत नाहीत. तो हिशेब असतो.

वेळापूरच्या नकाशावरून हा हिशेब वेगळा दिसतो. सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर, पुणे त्याहून कितीतरी लांब. एफएमच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. मध्यमलहरी जमिनीला धरून दूरवर जातात. ज्या धाव्याच्या टेकाडावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला असे वारकरी मानतात, ते टेकाड याच गावचे. (कळसाला दृष्टिरेषा लागते, ७९२ किलोहर्ट्झवरच्या पुणे केंद्राला ती कधी लागली नाही.) विजेची रिक्षा दारावरून गेली म्हणून घरातला रेडिओ बंद पडणार नाही, हे खरे, उपद्रव मुख्यतः गाडीतल्या गाडीत होतो. धोका आडवळणाने येतो. गाडीतून ग्राहकयंत्र काढायचे, मग श्रोते घटले म्हणून बोट दाखवायचे, आणि त्या आकड्यावर प्रक्षेपकाचा खर्च नामंजूर करायचा. गाडी पुण्यातल्या माणसाची असते, रेडिओ मुका होतो तो वेळापूरच्या वस्तीवरचा.

‘मोबाईलवर ऐका’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. मोबाईलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, विदेला पैसे लागतात. पुरात आधी काय बंद पडते ते नदीकाठच्या माणसाला विचारावे.

आणि आपण, साहित्यवाले? आपण बिनाका आणि श्रुतिकांच्या आठवणींत हळवे होतो. हळवेपणा उत्पादकाला सोयीचाच असतो, कारण जे आठवण झाले त्याचा हक्क कोणी मागत नाही. नभोवाणीसाठी लेखन शिकवायचे आणि ते ऐकू कशावर येणार हे अभियंत्यांवर सोडायचे, ही विभागणी मला अप्रामाणिक वाटते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या दहाव्या वाहन-नियमात वाहनातून हवेत पसरणारा उपद्रव मोजला जातो तो ३० मेगाहर्ट्झपासून वर. मध्यमलहरी दीड-पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आतच संपतात. म्हणजे जिथे दुखते तिथे मोजपट्टी पोहोचतच नाही. चीनने विजेच्या वाहनांसाठी ३० मेगाहर्ट्झखालचे स्वतंत्र मानक केले आहे. आपल्याकडे वाहन-मानकांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतात. त्यावर एखादे पत्र मराठी विभागाकडून जायला काय हरकत आहे?