गाठीतल्या लिम्फोसाइट्स आणि फॉर्मॅलिनची बरणी

ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाच्या रिपोर्टमध्ये गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट्सची टक्केवारी न लिहायला आता सबब उरलेली नाही. खास अँटिबॉडी नको, महागडे यंत्र नको. रोजची एच अँड ई स्लाइड पुरते. पद्धत आंतरराष्ट्रीय कार्यगटाने 2014 मध्येच ठरवून दिली. गाठीच्या सीमेच्या आतल्या स्ट्रोमाचे किती टक्के क्षेत्र लिम्फोसाइट्स व प्लाझ्मा पेशींनी व्यापले, ते पाहायचे. पॉलिमॉर्फ आणि नेक्रोसिसचा भाग वगळायचा. एखाद्या कोपऱ्यात दाट घोळका दिसला म्हणून तोच आकडा लिहायचा नाही, सरासरी हवी.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय विश्लेषणात केमोथेरपी न मिळालेल्या 1,966 रुग्ण होत्या. पहिल्या टप्प्यातल्या ज्यांच्या गाठीत हे प्रमाण 50 टक्के किंवा जास्त होते, त्यांच्यात पाच वर्षांनी दूरवर आजार न पसरता जगण्याचे प्रमाण 94 टक्के. 30 टक्क्यांखालच्या गटात 78. यावरून कुणी केमो थांबवू नये, तेवढा पुरावा अजून हाती नाही. हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह गाठींत तर हाच आकडा उलट अर्थाचाही निघू शकतो. शिवाय पेशी हजर आहे म्हणजे ती लढतेच आहे असे नाही. मारक सीडी8 पेशी, पीडी-1 मुळे थकलेली पेशी आणि इतरांना आवरणारी नियामक पेशी, तिन्ही एच अँड ईवर एकसारख्याच काळ्या टिकल्या!

आपल्या भागातली अडचण मात्र मायक्रोस्कोपच्या अलीकडची आहे. पालघर-बोईसरच्या नर्सिंग होममधून गाठ कधी सलाइनमध्ये, कधी तोंडापर्यंत गच्च भरलेल्या बरणीत येते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहून रसायनाची कंजुषी करावी, हे नवलच. तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, नमुन्याच्या दहापट तरी. अख्खा स्तन असेल तर गाठीला छेद देऊनच. आणि त्यात 6 ते 72 तास. फॉर्मॅलिन आत न मुरलेल्या ऊतीत लिम्फोसाइट ओळखणे अवघड, ईआर आणि हर2 त्याहून बेभरवशाचे.

डहाणू लोकलने दादर आणि तिथून परळचे टाटा रुग्णालय, हा आपल्या बहुतेक रुग्णांचा पुढचा प्रवास. शस्त्रक्रियेआधी केमो सुरू झाली, की गाठीचे मूळ चित्र फक्त पहिल्या कोअर बायोप्सीतच उरते. म्हणून स्लाइडसोबत तिचा ब्लॉकही द्या, आणि रिपोर्टवर फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहा. ती वेळ सर्जनकडून मागून घ्यावी लागेल, मागा.